वाकळेचं पोट

तांब्याची घागर अर्धी घासून झाली होती. चिंचेचा कोळ लावून, वर राखेचा हात फिरवून मनुबाईनं तिचं एक अंग असं काढलं होतं की परसातली केळ त्यात दिसावी. दुसरं अंग अजून काळं-हिरवं तसंच होतं. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. दिवेलागणीला पूजा मांडायची, त्याआधी घागर, तांब्या, समया सगळं उजळायचं. तेवढ्यात बेळगावजवळच्या मच्छेच्या कंपनीतून पहिली पाळी करून आलेली सून रचना पायातल्या चपला न काढताच परसात आली आणि म्हणाली,

"आत्या, घागर ऱ्हाऊ द्या. हिकडं बसा जरा. एक सांगायचं हाय."

मनुबाईच्या हातातली चिंच हातातच राहिली. त्या घरात 'एक सांगायचं हाय' याला तेरा महिने एकच अर्थ होता.

"सौरवचा फोन?"

"न्हाय वो. फोन न्हाय. कंपनीतलं हाय."

मनुबाईनं श्वास सोडला. आनंदाचा नाही आणि दुःखाचाही नाही. धरून ठेवलेला श्वास सोडावाच लागतो, म्हणून सोडला.

सौरव हा तिचा एकुलता एक मुलगा. बेळगावात आयटीआय केलं, तीन वर्षं एका कारखान्यात फिटर म्हणून राबला, लग्न झालं, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत कुणीतरी त्याला सांगितलं की परदेशात गोदामात हेल्पर हवेत. त्या देशाचं नाव मनुबाईच्या जिभेवर कधी बसलंच नाही. ती म्हणायची 'बर्फाकडं'. बर्फाकडं गेल्यावर पहिले तीन महिने सौरव मोबाइलवर बर्फ दाखवायचा, हसायचा, नाक लाल झालेलं असायचं. मग त्याच्याकडून कसल्याशा कागदावर सही घेतली. त्या कागदाची भाषा त्याला येत नव्हती. तिथून त्याला लढाईच्या तोंडाशी ओझी वाहायला नेलं. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्याचा शेवटचा फोन आला. "आये, हितं लई थंडी हाय. पांघरूण बी वलं झालंय. मागनं करतो फोन." बस्स, एवढंच. त्यानंतर तेरा महिने त्या नंबरवर एक बाई परक्या भाषेत काहीतरी सांगते आणि फोन बंद होतो.

गावात ज्यांची मुलं फौजेत आहेत, त्यांना निदान युनिट असतं, नंबर असतो, पत्ता असतो. सौरवला तेही नव्हतं. तो लढायला गेलाच नव्हता, तर लढाईत हरवला कसा, हे कुठल्या कचेरीत नीट सांगताही येत नव्हतं. नागोजी, म्हणजे मनुबाईचा नवरा, दोन-तीन कचेऱ्यांतून रिकाम्या हातानं आला आणि तेव्हापासून बोलायचाच थांबला. रताळ्याचं वावर, म्हैस आणि तो.

आणि दसऱ्यानंतर बेळगावच्या कचेरीतून एक पत्र आलं. कन्नडात होतं, रचनानं वाचलं. तिकडं काही मृतदेह सापडलेत, ओळख पटत नाही. घरच्यांच्या रक्ताशी जुळवून बघायचंय. आईचं रक्त सगळ्यात उपयोगाचं. तरी मातोश्रींनी बेळगावच्या सरकारी दवाखान्यात यावं. मनुबाईनं ते पत्र घडी करून देव्हाऱ्याच्या फळीखाली सरकवलं.

"मी रगत दिलं म्हंजे मीच सांगिटलं की त्यो गेला," ती म्हणाली. "आईच्या तोंडनं कुणी असलं वदवून घेत्यात व्हय?"

कचेरीतला माणूस दर आठ-पंधरा दिवसांनी फोन करी. भला होता बिचारा, आवाज चढवत नसे. रचना त्याला सांगायची, आत्यांची तब्येत बरी नाही. फोन ठेवला की कुंकू लावायच्या फणेरपेटीसमोर जाऊन नुसतीच उभी राहायची. चोवीस वर्षांची पोर. कुंकू लावावं तर कुणाच्या नावाचं, आणि पुसावं तर कुणाच्या सांगण्यावरून?

तर त्या गुरुवारी रचनानं सांगितलं ते असं. मच्छेची ती कंपनी पंपाचे भाग ओतते. दरवर्षी थोडंफार दान करायचा तिथं रिवाज आहे. कधी शाळेला बाकं, कधी दवाखान्याला पंखे. दानधर्माचं हे काम बघायला ऋचा नावाची एक मुलगी आहे, टिळकवाडीची, चष्मेवाली, बोलायला मऊ. या वर्षी कामगारांनी आणि मालकानं मिळून ठरवलं की बर्फाकडच्या लढाईनं जे लोक घर सोडून छावण्यांत पडलेत, त्यांना पांघरुणं पाठवायची. आणि ऋचाच्या डोक्यात आलं की विकतची ब्लँकेटं कुणीही पाठवील, आपण आपल्या भागातल्या बायकांनी हातानं शिवलेल्या वाकळा पाठवू. वरचं कापड आणि दोरा कंपनी देणार, आत घालायचं जुनेर बायकांचं. चाळीस वाकळा हव्यात, संक्रांतीपर्यंत.

"बर्फाकडं?" मनुबाईनं विचारलं.

"व्हय. तिकडंच."

मनुबाई उठली. हात धुतला, पदराला पुसला, माळ्यावरचं जुनेराचं गाठोडं खाली ओढलं. घागर तशीच अर्धी राहिली.

त्याच संध्याकाळी सासू-सुनेत जुंपली. जुंपली म्हणजे आवाज वाढला नाही. त्या घरात आवाज वाढवायचं बळ कुणात उरलं नव्हतं.

"आत्या, वाकळ शिवा. मी न्हाय म्हनत न्हाय. पर त्या पत्राचं काय?"

"वाकळंवर त्याचं नाव घालतो. फोन नंबर घालतो. कुनीतरी वाचंल. कुनीतरी बघितलं असंल त्याला."

"आणि न्हाय वाचलं तर?"

"तुला घाई कसली झालीया गं?"

रचनाचे डोळे भरले, पण ती मागं हटली नाही. "घाई न्हाय. मला कळायला पायजे. काय ते एकदा कळायला पायजे. जित्या मानसाची बायकू हाय का मेल्या मानसाची, हे मला सोडून सगळ्या गावाला ठाऊक असल्यासारखं बघत्यात माझ्याकडं."

मनुबाईनं गाठोड्याची गाठ सोडली. मग म्हणाली, "म्हाशिवरात्रीपतोर थांब. वाकळ जाऊ दे. शिवरात्रीपतोर काय निरोप आला न्हाय, तर मी रगत देतो. रवळनाथाची आन."

उंबऱ्यात बसलेला नागोजी, जो दिवसाला चार शब्दही बोलत नसे, तो एवढंच बोलला, "त्याला थंडी सोसत न्हाय. ल्हानपनापास्नं."

रवळनाथाच्या देवळासमोरच्या मंडपात दुपारी पंधरा बायका जमायच्या. वाकळ शिवायची म्हणजे आधी खाली लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवायचे, वर जुनेराचे थर, सगळ्यात वर रंगीत तुकडे, आणि मग कडेपासून धावदोरा घालत घालत आत यायचं. चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन. शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरते. तिला आमच्या भागात वाकळेचं पोट म्हणतात.

ऋचानं पहिल्याच दिवशी येऊन सगळं समजावून सांगितलं होतं. कापड धुतलेलं हवं, बटणं-हूक काढून टाका, खिसा असेल तर उसवून बघा, आत कागद-नाणं काही नको. बायकांनी माना डोलावल्या. नागुबाई तेवढी गप्प बसेना. ती निपाणीची, लहानपणी आईबरोबर तंबाखूच्या वखारीत बसलेली; तिचं बोलणंही तसंच नाकाला झोंबणारं.

"मॅडम, ढेकूण चालंल का? आमची आठवन म्हनून दोन-चार घालतो."

ऋचा गोंधळली. बायका खदखदून हसल्या. मनुबाईही हसली. तेरा महिन्यांत पहिल्यांदा तिचे दात गावाला दिसले असतील.

पहिली वाकळ पुरी होत आली ती कोपऱ्यावरच्या घरातल्या नव्या सुनेची. पोरीनं पोटापर्यंत येऊन सरळ दोरा ओढून गाठ मारायला घेतली. मनुबाईनं तिचा हात धरला.

"थांब गं! उपाशी शिवतीस व्हय वाकळ?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय! पोटात चार दानं घाल. वाकळंचं पोट रिकामं ठिवलं तर पांघरनारा उपाशी झोपतोय. तुझ्या आईनं शिकिवलं न्हाय?"

मनुबाईनं घरून चिमूटभर तांदूळ आणले, पोटात ठेवले, वर दोन टाके उलटसुलट घातले, मग गाठ. नंदगडला माहेरी तिच्या आईनं तिला असंच शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईनं. इतर म्हाताऱ्यांनीही माना हलवल्या. विसरलोच होतो की, असं झालं.

रचना त्या दिवशी सुट्टीवर होती, मंडपात बसली होती. ती हळूच म्हणाली, "आत्या, मॅडमांस्नी एकदा इचारूया का? त्यांनी आत कायबी नगं म्हनून सांगिटलंय."

"बटन नगं म्हनल्या, नाणं नगं म्हनल्या. अन्न नगं असं कोन म्हनंल? आईनं लेकराला जेवलास का म्हनून इचारायचं, त्याला बी मॅडमची परवानगी?"

चाळीसच्या चाळीस वाकळांच्या पोटात तांदूळ गेले. जी विसरली तिची गाठ मनुबाईनं स्वतः उसवून घातले.

मनुबाईनं आपल्या वाट्याच्या तीन वाकळा केल्या. तिसरी सौरवची. वरच्या थराला त्याचा आयटीआयचा निळा सदरा फाडून लावला. रचना आत गेली आणि हळदीला नेसलेली पिवळी साडी घेऊन आली, अर्ध्यात कात्री चालवली, सासूपुढं ठेवली. मनुबाईनं सुनेकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींनाही शिवता आलं नसतं. कडेला रचनानं खडूनं इंग्रजीत लिहिलं, सौरव, बेळगुंदी, इंडिया, आणि खाली फोन नंबर. मनुबाईला इंग्रजी अक्षर म्हणजे रांगोळीचं वळण. पण त्या वळणावरून तिनं लाल दोरा असा घातला की एक टाका लहान नाही, एक मोठा नाही.

संक्रांतीच्या आधी ऋचा वाकळा न्यायला आली. मनुबाईनं तिला बाजूला घेतलं.

"मॅडम, ह्या जाणार कुठं? नेमकं?"

ऋचानं मोबाइलवर नकाशा उघडला. "मावशी, रचनानं सांगितलं तसं, तुमच्या सौरवचा शेवटचा फोन आला तो गाव हा. आणि ही छावणी."

मनुबाईनं दोन्हींच्या मधे बोट ठेवून बघितलं. पुरं एक बोटही मावेना.

"एवढंच?"

"बोटभर दिसतं, पण तीनशे-साडेतीनशे किलोमीटर आहे. आणि मधे लढाई चालू आहे, मावशी." ऋचाच्या आवाजात अपराधीपणा होता, जणू लढाई तिनंच मधे आणून ठेवली.

"म्हंजे पुण्याएवढं," मनुबाई म्हणाली. "तेवढं तर आमची रताळी जात्यात."

टेम्पोपुढं नारळ फुटला. कंपनीचा फलक धरून फोटो निघाला. बायकांना स्टीलचा एकेक डबा मिळाला. "लढाई त्यांची आणि डबा आमाला," नागुबाई म्हणाली, आणि डबा पदराखाली घालून गेली. मनुबाईनं सौरवची वाकळ सगळ्यांत वर ठेवायला सांगितली होती. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तरी ती हात जोडूनच उभी होती. देवळात देवापुढं आणि रस्त्यावर टेम्पोपुढं, तिचे हात सारखेच जोडलेले होते.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. फोन कंबरेला पिशवीत. गोठ्यात फोन, नदीवर फोन, देवपूजेला बसली तर पाटाशेजारी फोन. चुकून बँकेचा किंवा रिचार्जचा फोन आला तरी दोन्ही हातांनी उचलायची. रोज सकाळी रचनाला विचारायची, आता कुठवर गेल्या असतील? रचना सांगायची, बंदरावर. आठ दिवसांनी, अजून बंदरावर. मग एक दिवस रचना सांगेनाशी झाली.

माघ अर्धा सरला होता. भर दुपारी टेम्पो परत आला. तोच टेम्पो. पुढं ऋचा बसलेली, डोळे सुजलेले. मंडपासमोर फळी उघडली तेव्हा आत त्याच चाळीस वाकळा होत्या, आणि प्रत्येकीचं पोट फाडलेलं होतं. मधोमध वीतभर चीर. चिरांतून आतलं जुनेर बाहेर आलेलं.

ऋचानं सांगितलं ते बायकांना हळूहळू कळलं. बंदरावर गठ्ठे तपासताना कुणाच्या तरी हाताला दाणे लागले. एक वाकळ उसवली, तांदूळ निघाले. दुसरी उसवली, तांदूळ. आणि दोनांत तर टोके झालेले, जिते किडे. कापडाच्या मालात धान्य असलं की ते दुसऱ्या मुलखात चालत नाही, कीड जाते म्हणून. तो नियमच आहे, त्यात कुणाचा राग नाही. मग चाळीसही उसवल्या. नीट करून पुन्हा पाठवायच्या तर जहाज निघून गेलेलं, आणि तिकडं थंडी थोडीच थांबणार होती?

पहिली नागुबाईच बोलली.

"घ्या! मनुआक्काच्या मूठभर तांदळापायी गावाची पोटं फाडून आली. महिनाभर बोटं टोचून घेतली आमी. कशापायी? तुझ्या हट्टापायी!"

"नागुबाई, गप ऱ्हा," कुणीतरी म्हणालं.

"का गप? रचनानं इचारूया म्हनलं नव्हतं? मी ऐकलंय ह्या कानांनी. पर सासूबाईंचं शास्त्र आडवं आलं!"

ऋचा मधे पडली. "चूक माझी आहे. मी बटणांचं सांगितलं, हुकांचं सांगितलं. दाण्याचं मला सुचलंच नाही. मी विचारायला हवं होतं."

मनुबाई म्हणाली, "तुमी काय इचारनार, मॅडम? तुमच्या घरात वाकळ न्हाय." टोमणा नव्हता तो. खरं होतं ते सांगितलं. मग ती गठ्ठ्यात वाकून शोधू लागली. सौरवची वाकळ सगळ्यांत खाली होती. लाल नाव जसंच्या तसं. नावाला कुणी हात लावला नव्हता. पोट मात्र फाडलं होतं; निळ्या सदऱ्यातून चीर गेलेली, आत एक दाणा राहिलेला.

"ही एकटीच पाठवता येत न्हाय का? दाना काढून? मी आत्ता काढतो. धुतो."

"तिकडं टपाल जात नाही, मावशी. कुरियरही नाही. छावणीत पांघरुणं वाटणाऱ्या संस्थेचे लोक सुद्धा फार आत जात नाहीत. मी सौरवच्या नावाचा फोटो काढून त्यांना पाठवला होता. दोनदा. उत्तर नाही आलं."

"कंपनीनं काय पाठिवलं मग? वाकळा गेल्या न्हाईत, तर त्या लोकांनी पांघरायचं काय?"

ऋचा जरा घुटमळली. सांगावं की नाही असं झालं तिला. मग तिनं मोबाइल पुढं केला. वाकळा अडकल्या तेव्हा कंपनीतल्या लोकांनी पुन्हा मिळून, छावणीजवळच्याच एका शहरातून दोनशे ब्लँकेटं घेऊन दिली होती. चार दिवसांत पोचलीसुद्धा. फोटो आला होता. एक म्हातारी, मनुबाईच्याच वयाची, डोक्याला रुमाल, गालांवर थंडीच्या भेगा. अंगाभोवती गडद निळं ब्लँकेट, कोपऱ्यात कंपनीचं नाव शिवलेलं. म्हातारी कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. दाराकडं बघत होती.

मनुबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"हिला ऊब लागली न्हवं?"

"हो. मनापासून आभार मानले तिनं."

"हिचं कोन कोन हाय?"

"माहीत नाही, मावशी. पण त्या छावणीत सगळेच कुणाला ना कुणाला शोधताहेत. भिंतीवर नावं लिहिलीत म्हणे. हजारो."

मनुबाई बराच वेळ त्या म्हातारीकडं बघत राहिली. मग मोबाइल परत दिला. "ब्येस केलं तुमी," ती म्हणाली. "लई ब्येस केलं. हिला तांदूळ नगं हुते. हिला पांघरून पायजे हुतं."

वाकळा आता खानापुरातल्या मुलींच्या वसतिगृहाला द्यायच्या ठरल्या. चिरा शिवून द्याव्या लागणार होत्या. बायकांनी अंग काढून घेतलं. कुणाची गव्हाची काढणी, कुणाची गुडघेदुखी. नागुबाई तर आपली वाकळ बघायलाही आली नाही. मनुबाई म्हणाली, सगळ्या माझ्या घरी टाका. चार दुपारी ती सोप्यात बसून शिवत होती. चीर जुळवायची, उलटसुलट टाके घालायचे, गाठ. दुसऱ्या दिवशी रचना सुई घेऊन शेजारी बसली. एक पोट बंद करताना तिनं सहज विचारलं,

"दानं?"

"नगं."

सगळी पोटं रिकामीच शिवली. एकोणचाळीस. चाळिसावी मनुबाईनं घडी करून बाजूला ठेवली. ती शिवलीही नाही आणि दिलीही नाही.

ज्या दिवशी वाकळा खानापूरला गेल्या, त्याच दिवशी कचेरीतल्या माणसाचा फोन आला. रचनानं नेहमीसारखं सुरू केलं, "आत्यांची तब्येत..." आणि थांबली. सासू समोर हात पुढं करून उभी होती. रचनानं फोन तिच्या हातात दिला.

"मी सौरवची आई," मनुबाई म्हणाली. पलीकडचा माणूस काय बोलला ते रचनाला ऐकू आलं नाही. मनुबाई म्हणाली, "व्हय... व्हय. कधी?... आधार कार्ड, व्हय... उपाशीपोटी यायचं का जेवून?... बरं. येतो."

फोन ठेवून तिनं तो सुनेच्या हातात दिला.

"आत्या, शिवरात्रीला अजून आठ दिवस हायत," रचना म्हणाली. हीच पोर ते कळण्यासाठी जीव टाकत होती, आणि आता तीच थांबवत होती. "थांबूया की आठ दिवस."

"कशाला? निरोप जाणार हुता त्यो टेम्पोतनं परत आला." मनुबाई खाली बसली. "आणि गेली असती वाकळ, तर वाचली असती कुनी? त्या म्हातारीचा चेहरा बघितलास न्हवं? तिचंच कोन हरवलंय, ती दुसऱ्याच्या लेकाचं नाव कशाला वाचंल. मला वाटायचं, तिकडं सगळे गावासारखे बसले असतील, वाकळ उलटून बघतील, ह्यो कोन सौरव म्हनून एकमेकाला इचारतील. तसं काय नसतंय तिथं. तिथं नुसतीच थंडी असंल."

रचना रडू लागली. मनुबाईनं तिला जवळ घेतलं नाही. तेवढं त्राण नव्हतं तिच्यात. तिनं फक्त सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

नागोजी गोठ्यातून आला होता. दारात उभा राहून ऐकत होता. "मी बी येतो," तो म्हणाला.

"तुमी ऱ्हावा. म्हशीचं कोन बघनार?"

"रगत बापाचं बी लागत असंल."

"आईचंच मागितलंय. पुरतं म्हनं."

नागोजी मान खाली घालून परत गेला. गोठ्यात म्हशीच्या पाठीवर त्याच्या पंजाचा चट्‌ चट्‌ आवाज येत राहिला, माशा हाकलल्यासारखा. मात्र त्या दिवसांत माशा नव्हत्या.

ऋचानं रचनाला दिवसभराची सुट्टी मिळवून दिली, भरपगारी, आणि गाडी पाठवते म्हणाली. मनुबाईनं गाडी नको म्हणून सांगितलं. कंपनीची गाडी दारात आली की गाव जमेल, आणि गाव जमलं की बायका आधीच रडायला बसतील, कशाला ते. सुट्टी तेवढी घेतली. देव्हाऱ्यापुढं दिवा लावून ती थोडा वेळ बसली. रोज ती मागायची, आज काही मागितलं नाही. हात जोडले आणि उठली. मग फळीखालचं पत्र काढलं, त्यावर साचलेली अंगाऱ्याची भुकटी फुंकली, आधार कार्डाबरोबर पिशवीत घातलं आणि पिशवी खुंटीला अडकवली.

उद्या सकाळी साडेआठच्या बसनं बेळगावला, सरकारी दवाखान्यात रक्त द्यायला जायचं होतं.